शकुनबाईंच्या ताडातले भाडेकरू

साकोलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या शकुनबाई रोज सकाळी हातात खराटा घेऊन अंगणातल्या ताडाशी भांडतात. भांडण एकतर्फी असतं, कारण ताडातली वटवाघळं तेव्हा नुकतीच झोपलेली असतात.

जात लहानच, मुठीएवढी, कुत्र्यासारख्या तोंडाची. नर पंख्यासारख्या पानाच्या शिरा कुरतडून त्याची छत्री करतो आणि तिच्याखाली माद्यांचा संसार उलटा लटकतो. शकुनबाईंना त्या नराचा भयंकर राग.

"एक मुडदा अन् इतक्या बायका," त्या मला ऐकवतात. "पानाचं छप्पर पाह्यलं का भुलल्या. बेशरमाईची हद झाली."

माझा राग निराळा. फळ झाडावरच खाऊन मोकळं व्हावं, एवढी साधी रीत या प्राण्याला नाही. पेरू माझा. तो तोंडात धरून ताडात न्यायचा, रस गिळायचा आणि चोथा थुंकायचा माझ्या भिंतीवर. दिवाळीला दिलेला पांढरा रंग होळीपर्यंत असा झाला, की पाहुणे विचारू लागले, घरात तंबाखूचा खर्रा कोण खातं?

तक्रार केली की बाई माझ्यावरच उखडत. "मले काहून सांगून राहिले, भाऊ? मीनं देल्लं का त्याईले घर किरायानं?"

शेवटी एक दिवस त्याच म्हणाल्या, "आता बस झालं. पानं छाटून टाकू." कोयतेवाला आला, शिडी लावून चढला. वटवाघळं फडफडत उडाली. एक मात्र हलेना.

"बाई, पिल्लू हाये हिच्याजवळ," तो वरून म्हणाला. "छातीले चिपकून हाये."

शकुनबाईंनी शिडी धरली. "उतर खाली. बाळंतीन हाय ते. सव्वा महिना घरातून काढत नसतेत."

मी संतापलो. वटवाघळीला सव्वा महिना कोणत्या शास्त्रात सांगितलाय? आणि माझ्या भिंतीचं काय? चांगलं तोंडावर विचारलं.

बाई नेहमीसारख्या उखडल्या नाहीत. "मायी सुनंदा अशीच आली होती, पोटुशी. मनाविरुद्ध लगन केलं म्हनून मीनं दारच नाही उघडलं. परक्याच्या घरी झालं तिचं बाळंतपन. आता पोरगं दहावीले हाय म्हनतेत. मीनं तोंड नाही पाह्यलं त्याचं."

इतक्या वर्षांत मला त्या बाईचा पहिल्यांदा खरा राग आला. दारात आलेल्या पोटच्या पोरीला असं कोणी घालवतं का? पण त्यांच्याकडे पाहिलं तर माझ्याहून जास्त त्या स्वतःवरच चिडलेल्या होत्या.

कोयतेवाला निघून गेला. शकुनबाईंनी पदराला हात पुसले आणि कमरेचा मोबाईल काढून माझ्यापुढे धरला.

"नंबर हाय तिचा. मी लावतो कधी कधी. तिचा आवाज आला का काटून टाकतो," त्या म्हणाल्या. "आज तुमी बोला, भाऊ. मले काटू देऊ नका."