नंतरच्या बाईचं कोपर

जाहिरात कंपनीत त्याला सगळे इस्त्रीवाला म्हणत. फोटोतल्या सुरकुत्यांवरून तो माउस असा फिरवायचा की आजीबाईसुद्धा कॉलेजात निघाल्यासारख्या दिसायच्या! "माझ्या माउसपुढे कुठलंही पोट पाच मिनिटं टिकत नाही," ही त्याची कायमची फुशारकी.

एकदा बारीक करणाऱ्या चहाची जाहिरात आली आणि ऐनवेळी मॉडेलने टांग दिली. इस्त्रीवाल्याने बायकोला गळ घातली. "'आधी'साठी तुला थोडी फुगवतो. 'नंतर'साठी तू आहेस तश्शीच!"

बायको खूश! आवडीचा पिवळा ड्रेस घालून हसत उभी राहिली.

चहावाल्या शेठचा फोन आला. "नंतरची बाई अजून बारीक करा!" केली. परत फोन. "आता आधीची फारच खोटी वाटते हो!" मग याने फुगवलेली काढली आणि तिथे मूळ फोटो चिकटवला. कामाच्या नादात ही आपली बायको आहे हेच गडी विसरला. त्याला फक्त पोट दिसत होतं.

आणि बोर्ड लागला कुठे? यांच्याच खिडकीसमोर! खऱ्याखुऱ्या बायकोच्या डोक्यावर हे एवढं मोठं 'आधी'!

त्याच दिवशी दुकानदारीणबाईंनी तिला काळजीने विचारलं, "वहिनी, चहा मध्येच सोडलात का हो?"

बायको घरी आली आणि तेव्हापासून दोन दिवस नुसतं गरम पाणी! चेहरा पार उतरला. इस्त्रीवाला गयावया करायला लागला.

"अगं, ती 'नंतर'ची बाई खोटी आहे! मीच केलीय!"

"माहितीये. खोटी आहे तरी माझ्यापेक्षा बरी दिसते ना?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या माउसचा राग आला.

त्यात शेठचा फोन. "मिसेसना घराबाहेर सोडू नका! गिऱ्हाईक बोर्डाकडे बघतं, त्यांच्याकडे बघतं आणि हसत निघून जातं!"

शेवटी त्याने आईला गाठलं. "तूच समजाव तिला."

आईने नवा चष्मा चढवला, खिडकीशी गेली आणि बोर्ड नीट न्याहाळला.

"काय रे, हिचं कोपर कुठंय?"

इस्त्रीवाला धावला. बघतो तर काय, दंड बारीक करण्याच्या भरात कोपरच पुसलं होतं! खांद्यापासून बोटांपर्यंत हात सरळसोट, लाटण्यासारखा.

"मग बारीक होईल नाहीतर काय!" आई म्हणाली. "हात वाकल्याशिवाय घास तोंडात जाणार कसा मेलीच्या?"

आतून फिस्सकन आवाज आला. मग बायको जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डोळे पुसत ती ताटावर येऊन बसली.

"वाढा आई. मला कोपर आहे."

इस्त्रीवाल्याला हायसं वाटलं. त्यानेही हळूच ताट पुढे ओढलं. बायकोने ते तितक्याच हळू मागे सरकवलं.

"तू ऑफिसला जा. 'आधी' तिला कोपर लाव. जेवायचं 'नंतर'!"