दुखण्याची सभ्य जागा

सोलापुरात गिरणीच्या चाळीत राहणाऱ्या बाईचं काही दुखू लागलं, तर ते कुठं दुखतं हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही. तिनं फक्त दुखतं एवढं कळवायचं. जागा घरची वडीलधारी माणसं ठरवतात, आणि घराण्याला शोभेल अशीच ठरवतात. हा नियम कुठं लिहिलेला नाही, त्यामुळं तो मोडायची सोयही नाही.

बिरप्पा मूळचा मंगळवेढ्याकडचा धनगर. दुष्काळात निम्मा कळप मेला, तेव्हा उरलेला कळप चुलत्याच्या, धुळाच्या हवाली करून तो गिरणीत लागला. सोबत आई मायाक्का, बायको फुलाबाई आणि केवळ सवय म्हणून आणलेल्या दोन मेंढ्या.

मेंढ्यांच्या बाबतीत या घरात कसलाही आडपडदा नव्हता. मेंढीची कास सुजली, निरणीला फोड आला, की बिरप्पा माळाच्या या टोकावरून ओरडून सांगे आणि मायाक्का त्या टोकावरून तितक्याच मोठ्यानं विचारी, "डाव्या अंगाला का उजव्या?" निरण म्हणजे काय हे ज्या शहरी वाचकाला ठाऊक नसेल, त्यानं मेंढीला मागून बघावं.

तर फुलाबाईला नेमकी तशाच जागी, डाव्या अंगाला, गाठ आली. आधी हरभऱ्याएवढी होती, तोवर ती गप्प राहिली. लिंबाएवढी झाली तेव्हा तिला चुलीपुढं बसवेना. ती एका अंगावर कलून भाकरी थापू लागली.

"अशी वाकडी का गं बसलीस?" मायाक्कानं विचारलं.

"जांगंत गाठ आलीया, आत्याबाई."

खरी जागा जांघेच्याही आतली होती. पण सुनेनं सासूपुढं जांघेपर्यंत यावं हेच पुष्कळ होतं. मायाक्कानं मुलाला सांगितलं, "फुलीची कंबर धरलीया." रजा हवी म्हणून बिरप्पानं खात्याच्या मुकादमाला, मानसिंग जॉबरला सांगितलं, "घरात पोट दुकतंय." मानसिंग गिरणीच्या डॉक्टरला म्हणाला, "त्याच्या बायकोच्या छातीत कळ येते." असं ते दुखणं एकेका तोंडागणिक वीतभर वर चढत गेलं. मध्ये आणखी एखादा अंमलदार असता तर डोक्यात शिरलं असतं. डॉक्टरनं छातीचं लाल औषध बाटलीत भरून दिलं. औषधाला नावं ठेवायला जागा नव्हती. फुलाबाईची छाती अगदी मोकळी झाली.

"अवं," ती नवऱ्याला म्हणाली, "बाटली संपली. माजा खोकला ग्येला."

"तुला कुटं खोकला हुता?"

"त्येच म्हणतीया मी."

मग तिनं दावणीच्या थोरल्या मेंढीकडं बोट केलं. "हिच्या निरणीला मागं ते लालभडक झालं हुतं बगा. तसंच." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. बिरप्पाला सगळं कळलं. त्या मेंढीचा फोड त्यानं स्वतः ढोरांच्या दवाखान्यात नेऊन कापून आणला होता, आणि वाटेत भेटलेल्या माणसांना थांबवून थांबवून दाखवलाही होता.

तो पुन्हा गिरणीच्या डॉक्टरकडं गेला.

"कळ थांबली?" डॉक्टर.

"छातीत न्हवती साहेब. खाली हाय."

"पोटात?"

"त्याच्या खाली."

"गुडघ्यात?"

"त्याच्या वर."

डॉक्टर परीक्षा देऊन पास झालेले होते. पोटाच्या खाली आणि गुडघ्याच्या वर काय उरतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दौतीचं झाकण लावलं. बाईला आणा म्हणावं, तर तपासावं लागणार. आणू नका म्हणावं, तर डॉक्टर कशाला म्हणवायचं. त्यांनी मधला मार्ग काढला.

"तुम्ही जीभ काढा."

"माजी?"

"एकाच चुलीवरचं खाता ना? एकाच आडाचं पाणी? मग काढा."

बिरप्पानं जीभ काढली. डॉक्टरनं ती पाहिली, नाडी पाहिली, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि समाधानानं मान हलवली. "प्रकृती उत्तम आहे. घरी सांगा, घाबरण्याचं कारण नाही."

घरी फुलाबाई भिंतीला टेकून उभी होती, कारण बसणं आता संपलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "दुकतंय माजं, आन जीब तुमची बगितली व्हय," ती म्हणाली. "मग? तुमाला काय आराम पडला का?"

त्यानंतर तिला थंडी वाजून ताप भरला. मायाक्कानं हळदीचा लेप कालवला, वाटी मागं सरकवली आणि पाठ करून बसली. लेप कुठं लावायचा हे सांगायची गरज नव्हती आणि बघायची तर नव्हतीच. सुनेचं कण्हणं वाढलं की मायाक्का जात्याचा आवाज वाढवी, म्हणजे शेजाऱ्यांना कण्हणं ऐकू जात नसे. चाळीत अब्रूनं राहायचं म्हणजे असं काहीतरी करावं लागतं.

बिरप्पाला एकच दवाखाना माहीत होता जिथं खरी जागा सांगितली तर कुणी दौत झाकत नाही. तो ढोरांच्या डॉक्टरकडं गेला. तिथं दहा-पंधरा माणसं आपापली जनावरं धरून उभी होती आणि ज्याच्या त्याच्या बैलाचं, म्हशीचं, शेळीचं जे काय दुखत होतं ते आरोळी ठोकून सांगत होती. बिरप्पाला हायसं वाटलं.

"मेंढी हाय साहेब," तो म्हणाला. "निरणीच्या तोंडाला डाव्या अंगानं गाठ आलीया. लिंबाएवढी. लालभडक, हात लावू देत न्हाय."

"कधीपासून?" डॉक्टरांचा आवाज खणखणीत होता.

"आटवडा व्हऊन ग्येला."

"आठवडा? आणि आज उगवलास? अरे, बारीक असतानाच ऊन पाण्याचा शेक द्यायचा, दिवसातून तीन-चार वेळा. पुष्कळदा तेवढ्यानं उतरते. दोन-तीन दिवसांत उतरली नाही, वाढत चालली, की आणायची. सुई-बिई टोचलीस काय घरी?"

"न्हाय."

"पिळलीस?"

"न्हाय साहेब."

"तेवढी अक्कल आहे म्हणायची. ताप आहे?"

"लई हाय. हुडहुडी भरती."

"मग आतमध्ये पू धरलाय. ताप आला की तासाचाही भरवसा नाही. आजच्या आज चिरून पू काढायला पाहिजे, नाहीतर विष रक्तात जातं. काम पाव घटकेचं. चालते का?"

"भिंतीला धरून चालती," बिरप्पा म्हणाला.

डॉक्टरांनी वर पाहिलं. मागं बैल धरून उभा असलेला माणूसही बघू लागला. "भिंतीला धरून?" डॉक्टर म्हणाले. मग त्यांचा खणखणीत आवाज कुठल्या कुठं गेला. त्यांनी कानाची पाळी चोळली आणि टेबलावरची कात्री उगाच इकडची तिकडं ठेवली. "हे असलं... आमच्या खात्यात बसत नाही."

"आत्ता तर बसत हुतं की साहेब."

"हळू बोल. बायकांचा मिशनचा दवाखाना आहे, तिथं बाई डॉक्टर आहेत. तिकडं ने. आणि मी काही सांगितलं असं म्हणू नकोस."

मेंढीची जी जागा त्यांनी साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशी विचारली होती, तीच बाईची निघाल्यावर डॉक्टर मान खाली घालून पुढच्या बैलाकडं वळले. बैल मात्र तसाच उभा राहिला. त्याला शिष्टाचार शिकवलेला नव्हता.

बिरप्पानं घरी येऊन टांगा आणतो म्हटलं. मायाक्का दारात आडवी उभी राहिली.

"दवाखान्यात कशापायी म्हणून इचारतील, काय सांगशील?"

"हाय ते सांगीन."

"मला बी झालं हुतं त्ये, तुज्या वक्ताला. सांगितलं का मी कुणाला? आपसूक फुटलं."

"म्हंजी तुला म्हाईत हुतं, आये? मग कंबर का म्हणालीस?"

"पोरा, आईनं लेकाला आनि काय सांगायचं?"

शेवटी घरातला थोर म्हणून चुलत्याला, धुळाला, बोलावणं गेलं. तो मंगळवेढ्याहून बैलगाडीनं यायला दुसरा दिवस उजाडला. धुळा न्यायी माणूस होता. कारण समजल्याखेरीज तो कुठल्याच गोष्टीला हो किंवा नाही म्हणत नसे. त्यानं तंबाखू मळत विचारलं, "सुनंला काय झालंय?" मायाक्कानं पदर तोंडाला लावला. बिरप्पा तोंड उघडणार तोच धुळानं हात वर केला. "बायकांचं काय असंल तर मला सांगू नगं. सासऱ्याच्या कानावर घालायची गोष्ट हाय का ती?" मग त्यानं निवाडा दिला: कारण समजलं तर परवानगी द्यायला आपली हरकत नाही, पण कारण आपण ऐकणार नाही.

आतून फुलाबाईचा आवाज आला. बारीक होता, पण धडधडीत होता. "मामंजी, मला त्या ढोरांच्या डागदराकडं तरी धाडा. मेंढी म्हणून धाडा. चार पायांवर जाती मी."

धुळाच्या हातातली तंबाखू सांडली. त्यानं परवानगी दिली नाही. तो उठून चाळीबाहेर गेला आणि पाठ फिरवून उभा राहिला, म्हणजे त्याच्या देखत काही झालं असं व्हायला नको. बिरप्पानं टांगा आणला. फुलाबाईला आडवी घालून नेली.

बाई डॉक्टर नगरकडच्या होत्या. त्यांनी पडदा ओढला, पाहिलं आणि त्या बाहेर आल्या. त्यांनी सरळ विचारलं, "योनीच्या तोंडाशी गाठ आहे, केव्हाची सडलीये. इतके दिवस काय करत होतात?"

त्या जागेचं नाव बिरप्पानं बाईच्या बाबतीत पहिल्यांदाच ऐकलं. ते ऐकून भिंत कोसळली नाही, हेही त्यानं पाहिलं.

"शेक द्यावा, ताप आला की आणावं, हे कुणीच सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं की," तो म्हणाला. "मेंढीसाठी."

बाईंनी गाठ चिरली. पू निघाला. पण विष आधीच पुढं निघून गेलं होतं. पाव घटकेचं काम झालं तेव्हा फुलाबाईला ते झाल्याचं कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. जाण्याआधी एकदा शुद्धीवर आली तेव्हा तिनं विचारलं, "मेंढ्यांला पाणी दावलं का?" त्यानं व्हय म्हटलं. दावलं नव्हतं.

दुखवट्याला सगळे आले. मानसिंग जॉबर म्हणाला, "छातीचं दुखणं वाईटच." मायाक्का आल्यागेल्याला सांगू लागली की ताप मस्तकात गेला. धुळा म्हणाला, देवाच्या मनात होतं. म्हणजे फुलाबाईचं दुखणं चढता चढता डोक्याच्याही वर निघून गेलं आणि तिथं ते कुणालाच विचारता येईनासं झालं. गिरणीच्या डॉक्टरनं बिरप्पाच्या पाठीवर हात ठेवून प्रकृतीला जपा म्हटलं.

पुढं थंडीच्या दिवसांत शहरात आरोग्यावर व्याख्यानं झाली. एक व्याख्यान 'स्त्रियांचे आरोग्य' या विषयावर होतं. विषय नाजूक असल्यामुळं स्त्रियांना प्रवेश नव्हता. सभागृह भरावं म्हणून गिरणीनं काही कामगारांना अर्धी सुटी देऊन पाठवलं, त्यात बिरप्पा होता. वक्त्यांनी पूर्वीच्या पतिव्रता सांगितल्या, दुधातुपाचं महत्त्व सांगितलं, सकाळी लवकर उठण्याचे फायदे सांगितले. नंतर कुणाला काही विचारायचं आहे का, असं अध्यक्षांनी रीतीप्रमाणं विचारलं. कुणी विचारणार नाही अशी त्यांची खात्री होती.

बिरप्पा उठला. "माज्या बायकूच्या योनीच्या तोंडाशी गाठ आली," तो म्हणाला. "दुकली, वाढली, ताप आला. तवाच चिरली असती तर जगली असती. ह्ये तुमी सांगितलं न्हाय, म्हणून मी सांगतो."

सभेत खोकल्याची साथ आली. अध्यक्ष टेबलावर हात आपटून म्हणाले, "विषयाला धरून बोला."

"ह्योच तर इषय हाय की."

दोघा स्वयंसेवकांनी त्याला दंडाला धरून, पण सभ्यपणे, दाराबाहेर नेलं. बिचाऱ्याचं बायको गेल्यापासून डोकं फिरलंय, असं आत ठरलं. आता तो कुणालाही सांगत सुटतो, हेही ठरलं. ते खरंच होतं.

तो पायऱ्यांवर बसला होता. थोड्या वेळानं मागं वहाणा वाजल्या. अध्यक्ष स्वतः बाहेर आले होते. त्यांनी रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "त्या मिशनच्या बाई... केव्हा भेटतात?"

"कुणाला दावायचंय?"

"घरात जरा... कंबर दुखते आहे."

बिरप्पानं विचारलं, "बसता येतं का त्यास्नी?"

अध्यक्ष मानेनंच नाही म्हणाले.

"ताप?"

"कालपासून."

"मग हितं का हुबं ऱ्हायलाय, मालक? त्यो बगा टांगा. जावा की."

अध्यक्षांनी टांग्याकडं पाहिलं, मग सभागृहाकडं पाहिलं. "जातो, जातो," ते म्हणाले. "फक्त आभार मानायचे राहिलेत. तेवढं आटोपलं की लगेच." आणि उपरणं सावरून ते आत गेले.

वाचकांनी त्यांना हसू नये. तुमच्या घरातही कुणी केव्हापासून एका अंगावर कलून बसली असेल, आणि तुम्ही ही गोष्ट शेवटपर्यंत वाचूनच उठणार आहात.