आईच्या कानावर गेलेल्या गोष्टी

आईचं कानातलं यंत्र उशीच्या अभ्र्याबरोबर धुण्याच्या मशीनमध्ये गेलं आणि घरात एक नवीच सोय झाली. आईसमोर काहीही बोलता येऊ लागलं.

अर्धांगाच्या झटक्यानंतर आई दिवसभर डोक्याला रुमाल बांधून खिडकीपाशी खुर्चीत असायची. उठवणं, आंघोळ, भरवणं, सगळ्याला दुसऱ्याचे हात लागत. दिवसा एक बाई यायच्या, सकाळ-संध्याकाळ मुलगा आणि सून. नवं यंत्र मिळेपर्यंत मुलगा तिच्याशी ओरडून बोलायचा आणि मग तिच्याच पलंगावर बसून बायकोशी हळू आवाजात सगळ्या जगाची उणीदुणी काढायचा.

मुलगा विम्याचे दावे तपासायचा. जळून कोळसा झालेल्या दुकानात गेला तरी त्याची नजर आधी काडेपेटी शोधायची. कचेरीत त्याला सगळे शंकासुर म्हणत, आणि ही आपली स्तुती आहे असा त्याचा समज होता.

एके सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज थंडगार. "दादा, मी नुसती फोनवरून माया करते, नाही का?"

शंकासुराच्या हातातला चहा तसाच राहिला. हे वाक्य त्याचंच होतं, शब्दन् शब्द. दोन दिवसांपूर्वी संध्याकाळी आईच्या खोलीत बोललेलं. म्हणजे घरात फितुरी होती.

बायकोवर संशय घेऊन पाहिला, पण टिकला नाही. नणंद-भावजयींचं एवढं गूळपीठ असतं, तर घरातली निम्मी भांडणं झालीच नसती. राहिल्या बाई. संध्याकाळी घरी जाण्याआधी त्या स्वयंपाकघरात आईचं जेवण तयार करत असायच्या, आणि दार उघडंच असायचं. त्याने दाव्यातल्या साक्षीदाराला विचारावं तसं आडून आडून विचारलं. फोनवर कुणाशी बोलता, उभ्या कुठे असता, कान कुठे असतो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, खुंटीवरची पिशवी काढली आणि म्हणाल्या, "साहेब, तुमच्या आई मला जड नव्हत्या. तुम्ही झालात."

त्या गेल्या. बायकोची रजा आधीच संपली होती, म्हणून यानेच रजा काढली. पहिल्याच सकाळी आईला पलंगावरून खुर्चीत ठेवताना त्याच्या कमरेत उसण भरली. आई अर्धी उठलेली, हा अर्धा वाकलेला. कशीबशी दोघं पलंगाच्या कडेवर टेकली आणि तशीच बसून राहिली.

"गोणी उचलणं परवडलं," तो पुटपुटला.

आईचा खांदा हलला. जरासाच, पण हसू दाबल्यावर हलतो तसा.

त्याच्या फोनवरून बायको दुपारी धावत घरी आली आणि तिने दोघांना सोडवलं. तोवर मात्र शंकासुराच्या डोक्यात नवी फाइल उघडली होती. त्याने आईच्या पाठीमागे स्टीलचं ताट पाडलं. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं, आई ढिम्म. याचा संशय आणखी वाढला. एवढ्या आवाजाने जमीनसुद्धा हादरते. ठार बहिऱ्या माणसानेही मान वळवली असती. न दचकायला तयारी लागते.

दुसऱ्या दिवशी बायको कामावर असताना त्याने बंद फोन कानाला लावला आणि आईच्या मागे उभा राहून हळूच म्हणाला, "आईचं जुनं कपाट भंगारात द्यायचंय. उद्या या." आई खिडकीबाहेर पाहत राहिली.

संध्याकाळी जेवताना बायको सहज म्हणाली, "आणि ते कपाट काही द्यायचं नाही हं."

त्याने घास खाली ठेवला. "कुठलं कपाट?"

बायकोने जीभ चावली. मग सगळं बाहेर आलं. यंत्र धुतलं गेलं होतं, बिघडलं नव्हतं. तिने ते तांदळात ठेवून वाळवलं होतं आणि आई ते डोक्याच्या रुमालाखाली लपवून घालत होती. बाईंना ठाऊक होतं. बहिणीला खुद्द आईनेच दुपारच्या फोनवर सांगितलं होतं.

"पण कशासाठी?" तो दुखावला होता. एवढा मोठा बनाव, तोही आपल्या नाकाखाली.

"त्या म्हणाल्या, ऐकू येत होतं तेव्हा तू दारातूनच विचारायचास, औषध घेतलं का, जेवलीस का. झालं बोलणं. ऐकू येईनासं झालं तसा रोज संध्याकाळी येऊन बसायला लागलास. मला म्हणाल्या, काही दिवस तरी ओरडू दे त्याला."

शंकासुराला यावर शंका काढता येईना. दुसऱ्या दिवशी तो बाईंच्या घरी जाऊन माफी मागून आला. बाईंनी पुष्कळ वेळ ताणून धरलं, मग यायचं कबूल केलं. आईला मात्र त्याने काहीच कळू दिलं नाही.

संध्याकाळी तो नेहमीसारखा तिच्या पलंगावर बसला. बायकोकडे पाहत, खालच्या आवाजात म्हणाला, "आईला झटका आला ना, त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडलो होतो. कुणाला सांगितलं नाही. घरात ती नसेल, तर मला यायलाच नको वाटेल."

आई खिडकीबाहेरच पाहत होती. रुमाल तिने कानावर आणखी घट्ट ओढून घेतला.

"काय म्हणतोय गं तो?" तिने सुनेला विचारलं.

"काही नाही हो," सून ओरडली, "भाजीत मीठ जास्त झालं म्हणतोय."

"असं होय," आई म्हणाली. "मग त्याला सांग, परत एकदा म्हण. आणि जरा सावकाश."