साबळेअण्णांचा कोरा चहा

लग्नाला डबा घेऊन जाणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. आमच्या डेअरीचे साबळेअण्णा! डेअरीत दूध मोजून घेणाऱ्या बबनभाऊच्या मुलीचं लग्न निमगाव सावाला होतं. अण्णांनी अक्षता टाकल्या, आहेर केला आणि मांडवाबाहेर स्कूटरवर बसून स्वतः थापलेली, एका बाजूनं करपलेली भाकरी खाल्ली. आत जिलेबीचा नुसता घमघमाट! बबनभाऊ रडकुंडीला आला. "अण्णा, चारचौघांत माझी इज्जत काढता का राव?"

"बबन, तुझ्या कामाची तपासणी माझ्याकडं. तुझी जिलेबी पोटात गेली तर शेरा लिहिताना हात अडखळंल."

अण्णा आमचे अंतर्गत लेखापरीक्षक. म्हणजे डेअरीनंच पगार देऊन डेअरीच्याच माणसांवर बसवलेले. मी तिथली कारकून, त्यामुळे रोजची त्यांच्या नजरेखाली. एकदा ओझरहून विघ्नहराचा प्रसाद आणला, तर पेढा हातात धरून विचारतात, "देवाचा का चेअरमनचा?" देवाचा म्हटल्यावर खाल्ला. "देव माझ्या तपासणीत येत न्हाई," म्हणाले. कपाळ माझं!

त्यांनी खरा धुमाकूळ घातला तो चहावरून. दूध घालायला आलेल्या प्रत्येकाच्या किटलीतून फॅट बघायला चमचाभर दूध काढतात. बबनभाऊ मात्र पेलाभर काढायचा आणि उरलेल्यात आख्ख्या स्टाफचा चहा व्हायचा. ही रीत इतकी जुनी, की कुणाला त्यात वावगं वाटतच नव्हतं. अण्णांनी बबनभाऊचा पेला काढून घेतला आणि औषधाच्या बाटलीचं झाकण हातात दिलं.

"चहापुरतं दूध म्हंजी काय चोरी व्हय?" बबनभाऊ उसळला.

"आज चहापुरतं, सणाला बासुंदीपुरतं. मग एक दिवस आख्खा कॅन गेला तरी तुला काय वाटायचं न्हाई. मला चोर धरायचा नाय बबन, तो व्हऊच द्यायचा नाय."

आम्ही तोंडं वाकडी करत कोरा चहा प्यायलो, अण्णांच्या नावानं बोटं मोडली आणि शेवटी आळीपाळीनं घरून दूध आणू लागलो. पण गंमत बघा. पुढं डेअरीच्या गाडीच्या ड्रायव्हरनं तांब्याभर दूध मागितलं, तर बबनभाऊच त्याच्यावर ओरडला, "आज तांब्याभर, सणाला बासुंदीपुरतं!" डिझेलची गळती थांबली, पशुखाद्याची पोतीही जागच्या जागी राहू लागली.

आता तर चहात आमच्याच घरचं दूध होतं, तरी अण्णा आपला थर्मासमधला कोरा चहा घेऊन खिडकीशी एकटेच उभे. "तुमची तपासणी माझ्याकडं," हे ठरलेलं. मला लई राग यायचा आणि वाईटही वाटायचं. ते रिटायर होणार असं कळलं तेव्हा मी हट्टच धरला, की जाण्याआधी या माणसानं एकदा तरी आमच्यात बसून दुधाचा चहा प्यायचा.

निरोपाच्या दिवशी मी आमच्या गाईचं दूध नेलं, आलं ठेचून झकास चहा केला. अण्णा म्हणाले, "अजून चार्ज सुटला न्हाई."

झालं! नवे तपासनीस एकेक कागद चवीनं वाचत बसलेले. चहा निवला, पुन्हा तापवला, पुन्हा निवला. बबनभाऊनं त्यांच्यापुढं हातच जोडले, "सही करा की सायेब, चहाचा काढा झाला!"

एकदाची सही झाली. अण्णांनी स्टूल ओढलं आणि आमच्या मधोमध बसले. बशीत ओतून, डोळे मिटून प्यायले. मग रिकामा कप पुढं केला. "आणखी आहे?"

आम्ही टाळ्याच पिटल्या.

दुसरा कप हातात घेऊन ते हळूच म्हणाले, "बायको गेल्यापासून घरी दूध आणतच न्हाई. एकट्यासाठी काय आणायचं?" आणि भल्याभल्यांना घाम फोडणारा हा माणूस खाली बघत विचारतो, "उद्या आलो चहाला, तर चालंल का? आता तपासणी न्हाई माझ्याकडं."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. 

बबनभाऊनं तोंड फिरवलं, नाक पुसलं आणि दरडावून म्हणाला, "रोज या. पण डबा आणला, तर दारातनं आत घेणार नाय!"