साहेबांची फांदी

मेश्राम काकूंनी आयुष्यात एकही झाड विकत घेतलं नाही, की कोणाला मागितलं नाही. त्या झाडं चोरतात. जन्मभर शाळेत पोरांना प्रामाणिकपणा शिकवलेली ही बाई पर्समध्ये दाढीचं ब्लेड आणि ओला रुमाल घेऊन हिंडते.

"मांगून आणलेलं झाड रुसते गा प्रकाश," हे त्यांचं ठाम मत. "चोरलेलं गपगुमान लागते."

मी त्यांचा शेजारी. एकदा मोठ्या प्रेमाने मोगऱ्याचं रोप कुंडीत लावून नेऊन दिलं, तर हातसुद्धा लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर माझ्याच मोगऱ्याच्या दोन फांद्या गायब. असं डोकं फिरलं माझं, विचारू नका.

बरं, लपवाछपवी अजिबात नाही. ज्याच्याकडून चोरलं त्याचंच नाव झाडाला. धंतोलीत बीपी दाखवायला गेल्या आणि फाटकावरची बोगनवेल घेऊन आल्या, ती 'डॉक्टर'. पोस्टाच्या आवारातली जाई, ती 'पोस्टमास्तर'. माझा मोगरा 'प्रकाश'. "प्रकाशले कीड लागली वं," असं त्या माझ्या बायकोलाच सांगतात.

चोरीचं नसलेलं झाड एकच, पायरीजवळची पिवळी जास्वंद. घर बांधलं त्या आठवड्यात काकूंच्या यजमानांनी लावलेली. ते कोराडीला पॉवर हाऊसमध्ये साहेब होते. ते गेल्यापासून जास्वंदीचं नाव 'साहेब'. रोज सकाळी पाणी घालताना काकू साहेबांना गल्लीतल्या सगळ्या बातम्या देत, आणि भिंतीअलीकडे मी पेपर धरून ऐकत असे. पेपरपेक्षा त्यात जास्त असायचं. साहेबांच्या फांदीला हात लावायची मात्र कोणाची बिशाद नव्हती.

मी लावला होता. मोगऱ्याचा राग होता ना. काकू एका लग्नाला गेल्या असताना एक फांदी कापली आणि आमच्या मागच्या टाकीआड कुंडीत खोचली. खरंच गपगुमान लागली.

गेल्या उन्हाळ्यात काकू मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या. "बाकीचे मेले तरी चालते. साहेबायले पाहजो," एवढंच म्हणाल्या. मी दोन्ही वेळ पाणी घातलं, वर हिरवी नेट बांधली. पण वाळवी खालून मुळाला लागली होती, ती मला कशी दिसणार? पंधरा दिवसांत साहेबांची काटकी झाली.

काकू आल्या, त्यांनी बघितलं, पण रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "ऊनच लय होतं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून चोऱ्या बंद आणि सकाळच्या बातम्याही बंद. मुकाट्याने पाणी घालायच्या आणि आत जायच्या. मला पेपर वाचवेना.

टाकीआडची कुंडी नेऊन द्यावी, तर दिलेलं झाड त्या घेत नाहीत. शिवाय मी चोर ठरतो ते वेगळंच. शेवटी बायको म्हणाली, "देता काहून? चोरू द्या ना त्याईले."

मी कुंडी ओढत आणून भिंतीला टेकवली आणि फुललेली फांदी काकूंच्या बाजूला झुकवली. तीन दिवस त्यांनी मान वर केली नाही. खिडकीआड उभा राहून माझे पाय दुखले. चौथ्या दिवशी त्यांचं फुलाकडे लक्ष गेलं. मग आत गेल्या आणि पर्स घेऊन बाहेर आल्या. इतकं हायसं मला पेन्शन सुरू झालं तेव्हाही वाटलं नव्हतं.

मला वाटलं, नियमाप्रमाणे आता या झाडाचं नावही 'प्रकाश' पडणार. पंधरा-वीस दिवसांनी काकूंनी लावलेल्या फांदीला कोंब फुटला आणि त्या सकाळी भिंतीपलीकडून पुन्हा आवाज आला. मी पेपर धरला आणि कान दिला.

"इतके दिवस त्या चोट्ट्याच्या घरी होते साहेब," काकू हळूच विचारत होत्या, "चहा तरी पाजला का जी त्यानं?"