तबेल्याकडे जाणारा सर्वांत जवळचा रस्ता

रस्ता या विषयात माझ्याशी पैज लावू नका, हे आधीच सांगून ठेवतो! उभा जन्म टॅक्सी चालवण्यात गेला. एकदा धुकं इतकं दाट पडलं होतं की गाडीच्या काचेवर ते थापून बसलं होतं. तेव्हा मी नुसत्या नाकाने गाडी चालवली. बेकरीचा वास आला की उजवीकडे, रंगाच्या कारखान्याचा आला की डावीकडे. मागे बसलेला प्रवासी नाटकाला निघाला होता, तो पडदा वर जायच्या आत खुर्चीत! खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. तो सापडला तर.

म्हणूनच आमच्या सूनबाईने जेव्हा विचारलं, "बाबा, रस्ता दाखवणारं एखादं चांगलं अ‍ॅप निवडून द्याल का?" तेव्हा माझी छाती फुगून शर्टाची बटणं ताणायला लागली.

सूनबाई जनावरांची डॉक्टर. नुकतीच तिने स्वतःची फिरती गाडी सुरू केली होती. सकाळी शहरातल्या गल्ल्यांमधली मांजरं-कुत्री, दुपारी डोंगरातली गुरं-घोडी. म्हणजे अ‍ॅपला गल्लीही कळली पाहिजे आणि पायवाटही. "आणि एकच हवं," ती म्हणाली. "दोन दोन चालवली की फोन तव्यासारखा तापतो. डोंगरात बॅटरी गेली तर मी कुणाला विचारू, दगडाला?"

"तू निर्धास्त राहा!" मी म्हणालो.

पण तिने तेच काम तिच्या वडिलांनाही सांगितलं होतं! म्हणजे आमच्या व्याह्यांना. व्याही जमीनमोजणीतले. माणूस इतका काटेकोर की पोळीसुद्धा मध्यबिंदू काढून तोडतो. त्यांनी जे अ‍ॅप आणलं ते मुकं होतं. नुसत्या वेड्यावाकड्या रेघा, म्हातारीच्या कपाळावरच्या आठ्यांसारख्या.

"ह्या रेघा म्हणजे चढ," व्याही म्हणाले. "जिथे दाट, तिथे कडा."

"आणि बोलत का नाही? दातखीळ बसलीय?"

"तुमचं फार बोलतं, त्याचं काय?"

मी निवडलेलं अ‍ॅप बोलायचं, हे खरं. आणि काय बोलायचं! पहिल्याच दिवशी मी त्याची परीक्षा घ्यायला बाजारामागच्या गल्ल्यांत शिरलो. म्हटलं, बघू, कोण कुणाला चकवतं. मी मुद्दाम चुकीच्या बोळात घुसलो, तर ती आतली बाई न चिडता म्हणाली, "हरकत नाही, पुढून वळा." हरकत नाही! इतकी वर्षं मी संसार केला, पण चुकीच्या वळणावर हे वाक्य कधी कानी पडलं नव्हतं. पुढे तिने मला न्हाव्याच्या दुकानामागून असा एक रस्ता दाखवला, की जो खुद्द मला ठाऊक नव्हता. मी गाडी बाजूला घेतली आणि फोनला नमस्कार केला.

अडचण एवढीच, की डोंगर आला की बाईची वाचा बसायची. "येथे रस्ता उपलब्ध नाही." मात्र एक सोय होती. नोंदणीचं बटण दाबून आपण चालायचं, मग बाई ती वाट शिकते आणि सगळ्यांना सांगते. म्हणजे मी एकदा डोंगर चढलो की व्याही खलास!

आता माझे गुडघे. ते जिना दिसला तरी कुरकुरतात. पण त्याच वेळी डोंगरावरच्या घोडेवाल्याची शेळी पाय मोडून सूनबाईकडे उपचाराला आली होती. बरी झाली होती, परत पाठवायची होती. "मीच सोडून येतो," म्हटलं. पायथ्याशी गेलो, बटण दाबलं, फोन कापडात गुंडाळून शेळीच्या गळ्यात बांधला आणि तिच्या पाठीवर थाप मारली. शेळी घरच्या ओढीने निघाली. मी झाडाखाली पथारी पसरली. संध्याकाळी घोडेवाला शहराकडे येता येता फोन देऊन गेला. "गळ्यात घंटा बांधतात, काका," एवढंच बोलला.

घरी मी जाहीर केलं, "चढून आलो! वाट नोंदवली!" सूनबाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. व्याह्यांनी आपला फोन खिशात घातला. काय सुख होतं ते!

ते सुख पुरतं मुरायच्या आत, दुसऱ्याच दिवशी, घोडेवाल्याचा फोन आला. "डॉक्टरीणबाई, घोडी अडलीय! शिंगराचे पाय दिसतायत, डोकं येत नाही. लवकर या, नाहीतर दोन्ही जातील!"

सूनबाईने पिशवी उचलली. गाडीत मी आणि व्याही कोंबून बसलो. तिच्या फोनवर दोन्ही अ‍ॅप्स परीक्षेला बसलेली. पायथ्याशी बघतो तर नेहमीच्या वाटेवर दरड!

"माझ्यात वळसा दिसतोय," व्याही रेघांवर बोट फिरवत म्हणाले. "पण अंधार पडेल पोचायला."

"तोवर घोडी थांबणार नाही, अप्पा!" सूनबाई पिशवी खांद्याला अडकवत म्हणाली.

आणि तेवढ्यात माझी बाई खणखणीत बोलली, "सर्वांत जवळचा रस्ता सापडला आहे. सरळ चला."

ती तर शेळीची वाट! पण बोलणार काय? सूनबाई निघालीसुद्धा!

"वळा. चौकात वळसा घाला," बाई म्हणाली. चौक कुठला? समोर करवंदीची जाळी! शेळीने तिच्याभोवती फेऱ्या मारल्या होत्या.

"व्याही," व्याह्यांनी धापा टाकत विचारलं, "तुम्ही या झुडपाभोवती गरगर का फिरलात?"

"निसर्ग बघत होतो!"

पुढे हिरवळीचा तुकडा लागला. "पुढे वाहतुकीची कोंडी आहे," बाईने बजावलं. "थांबावं लागेल." चहूकडे चिटपाखरू नव्हतं.

"इथे तुम्ही बराच वेळ थांबलेले दिसता."

"जेवलो!"

"गवतावर?"

मी पुढचा दगड धरला. वर मात्र सूनबाई कौतुकाने मागे वळून बघत होती. "बाबा, या घसरड्या वाटेवरून तुम्ही एकटे गेलात? या वयात?" प्रत्येक अवघड दगडाला तिच्या नजरेत मी उंच होत होतो आणि प्रत्यक्षात रांगत होतो.

मग आला तो खडक. भिंतीसारखा उभा, मध्ये वीतभर फट. "सरळ चला," बाई म्हणाली. सूनबाईने वर पाहिलं, पिशवी पाठीला आवळली, फटीत बोटं रोवली, आणि काय सांगू तुम्हाला, पोरगी पाण्यासारखी वर गेली! वाहतं पाणी खाली येतं, हे मलाही कळतं. ती वर गेली! क्षणात दिसेनाशी.

आम्ही दोघं कसेबसे अर्ध्यावरच्या कपारीत पोचलो आणि तिथे बसलो. पुढे जाता येईना, मागे बघवेना. व्याह्यांनी कपारीतल्या मातीवरच्या ठशांकडे बारकाईने पाहिलं. मग माझ्या बुटांकडे.

"व्याही, तुमच्या पायाला दोन खूर आहेत का हो?"

मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हे मला खाली ढकलणार. पण व्याही हसायला लागले. इतके हसले, की मलाच त्यांना धरून ठेवावं लागलं.

"फोन करा पोरीला. सोडवेल," हसून झाल्यावर म्हणाले.

"छे! ती घोडीपाशी असेल. तिचे हात गुंतलेले असतील."

"तेही खरं. मग बसू."

बसलो. ऊन कललं. दोघंही वरच्या बाजूला कान लावून. पाचोळा हलला तरी व्याही माझा हात दाबायचे. आणि मग वरून आवाज आला. आधी घोडीचा, दमलेला. मग सूनबाईची आरोळी, "आलं! आलं! श्वास घेतंय!" आणि मग एक कोवळं, चिरकं खिंकाळणं, जणू नव्या दाराची बिजागरी कुरकुरावी. व्याह्यांनी चष्मा काढला आणि खूप वेळ पुसला. माझ्याकडे चष्मा नव्हता, म्हणून मी तसाच रडलो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. घरून!

"अहो," बायको म्हणाली, "दुपारपासून त्या खडकावर काय करताय? तबेल्याच्या मागच्या अंगाला आहात ना? जरासुद्धा हलू नका. सूनबाईला कळवलंय, घोडेवाला दोर घेऊन येतोय."

"तुला कसं कळलं?"

"तुमच्या फोनात अ‍ॅप टाकून ठेवलंय मी. गल्लीतही दिसता, डोंगरातही दिसता. म्हातारपणी भरवसा काय तुमचा?"

घोडेवाल्याने आम्हाला दोराने एकेक करून पोत्यासारखं वर ओढलं. सूनबाईचे हात कोपरापर्यंत माखलेले, चेहरा उजळलेला. तिने आधी आम्हाला शिंगरू दाखवलं. चार काड्यांवर उभं राहायचा त्याचा प्रयत्न चालला होता. मग तिने तिथेच सासूला फोन लावला, "आई, तुमचं अ‍ॅप कोणतं ते सांगा. मला तेच हवं." बोलकं आणि मुकं, दोन्ही आमच्यादेखत फोनमधून गेली.

आता आम्ही दोघं व्याही त्या अ‍ॅपमध्ये दोन ठिपके आहोत. बागेतल्या बाकावर थोडा वेळ टेकलो, की दोन्ही घरांतून फोन येतात, "बसलात की अडकलात?"

"बसलोय!" मी ठणकावून सांगतो. मग आम्ही एकमेकांचा हात धरून उठायला लागतो, आणि बराच वेळ ते काही जमत नाही.