एक ओळ, तीन ठिकाणी

सॉफ्टवेअर दाखवायला आलेल्या माणसाकडे पाठ करून बसणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे प्रल्हादभाऊ. "पडद्यावर सगळंच चांगलं दिसते," असं त्यांचं म्हणणं.

मंगरुळपीरच्या आमच्या फवारणी पंपांच्या कारखान्यात पंप कसा जोडावा, कसा धुवावा हे सगळं भाऊ लिहितात. चित्रं मी काढतो. तोच मजकूर पुस्तिकेत छापतात, मोबाइलवर टाकतात आणि पंपावर चिकटवतात. तिन्हीसाठी मिळून एक सॉफ्टवेअर घ्यायचं शेठजींनी ठरवलं आणि निवड भाऊंवर सोपवली. चूक झाली ती इथेच.

पहिला माणूस नागपूरहून आला. तासभर रंगीत पानं दाखवत राहिला. भाऊ भिंतीकडे तोंड करून. शेवटी त्यांनी विचारलं, "एक ओळ बदलली तं तिन्हीकडं बदलते का?"

तो म्हणाला, पंपावरचं तेवढं हातानं करावं लागेल. भाऊंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. दुसऱ्याचीही तीच गत झाली.

तिसरं सॉफ्टवेअर शेठजींच्या भाच्यानं सुचवलेलं. त्यात ओळ तिन्हीकडे बदलायची, पण मोबाइलवर दुसऱ्या दिवशी. एका दिवसानं काय आभाळ कोसळतं, असं शेठजींनी विचारलं. भाऊंनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मंग लिवणारा दुसरा पाहा, शेठजी. पंपावर एक अन् मोबाइलात दुसरं, तं वाचणाऱ्यानं भरवसा कोनावर ठेवाचा?"

शेठजी लालबुंद झाले. सोमवारी त्या सॉफ्टवेअरचा माणूस पुन्हा येईल, तेव्हा मुकाट्यानं हो म्हणा, नाहीतर घरी बसा, असं त्यांनी बजावलं. मला भाऊंचाच राग आला. एका ओळीपायी नोकरीवर पाणी सोडायचं म्हणजे निव्वळ हेकटपणा. रविवारी त्यांची समजूत काढायला मी आसेगावला त्यांच्या घरी गेलो.

दार वहिनींनी उघडलं. पोटभर जेवल्याशिवाय मला कधी उठू न देणाऱ्या वहिनींनी मला ओळखलंच नाही. मागून भाऊ आले आणि मला आत घेऊन गेले.

शेगडीच्या वर ठळक अक्षरातला कागद होता. १. दूध उतू गेलं तरी भिऊ नका. २. आधी गॅस बंद करा. असं करत शेवटी, ७. प्रल्हाद सहा वाजता येतो. तसाच कागद घडी करून वहिनींच्या पदराच्या गाठीत. तेच सगळं मोबाइलमध्ये, भाऊंच्या आवाजात.

"कारखान्याची सुट्टी एक घंटा पुढं गेली ना," भाऊ हळूच म्हणाले. "भिंतीवरचं बदललं, मोबाइलातलं बदललं. पदरात पाचच राहून गेले. पाच वाजले अन् तुई वयनी मले पाह्याले फाट्यावर गेली. सापडली तवा अंधार पडला होता, बापू."

समजूत काढायला आलेला मी खाली मान घालून बसलो.

वहिनी कागदावर बोट फिरवत वाचत होत्या. "लय चांगलं लिवते हा मानूस," त्या म्हणाल्या. "समोर बसून सांगतल्यावानी. तुमी वळखता का त्याले?"

"आमच्या कारखान्यात हाय एक," भाऊ म्हणाले. "जरा हेकट हाय."

सोमवारी शेठजींच्या खोलीत तो तिसरा माणूस पुन्हा पडदा लावून उभा राहिला. भाऊंच्या शेजारी खुर्ची ओढून मीही भिंतीकडे तोंड करून बसलो.